पापण्यांपुरती वीज

९ फेब्रुवारी

यंदाच्या ओगोह-ओगोहचा चेहरा आमच्या बांजारमधल्या, वस्तीतल्या, मुलांनी माझ्या वडिलांकडे, बापांकडे दिला. दर वर्षी देतात. न्यपीच्या, मौनाच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी मिरवून स्मशानात जाळायचा हा बांबू-कागदाचा राक्षस, तरी बापा त्याचा चेहरा देवळात कायमचा राहणार असल्यासारखा लाकडात कोरतात. यंदा राक्षसीण आहे. झोपलेली, डोळे मिटलेली.

मुलांचा पुढारी सुवेचा अंगणात बसून कुरकुरत होता. हॉटेलात स्वयंपाक करतो. मला म्बोक म्हणतो, मोठी बहीण.

"म्बोक, शेजारच्या बांजारचा राक्षस मान फिरवणार आहे म्हणे. आणि आपली नुसत्या झोपा काढणार?"

"चौकात आली की डोळे उघडेल," बापा म्हणाले.

"कोण उघडणार, पेकाक? तुम्ही आत बसणार?" सगळी मुलं त्यांना पेकाक, आजोबा, म्हणतात.

"चेहरा मी करतो. डोळे कर्ती करेल. नाही जमलं तर चेहऱ्याला डोळे राहणार नाहीत. मी रंगवणार नाही."

कर्ती म्हणजे मी, पण हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. मी लग्न मोडून सुराबायाहून परत आले तेव्हापासून ते माझ्या खांद्यापलीकडे बघून बोलतात. मी कारण विचारत नाही. कारण ठाऊक आहे.

सुराबायाच्या शाळेत मुलांच्या रोबोटांची जबाबदारी माझ्याकडे होती. म्हणजे कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. यंत्राचं ज्ञान तेवढंच. मी शिकवायचे ते भाषा.

११ फेब्रुवारी

सुवेचाने ड्रोनची बॅटरी आणून दिली, दोन काडेपेट्या एकावर एक ठेवाव्यात एवढी. मोटर त्याहून लहान. हिला सर्व्हो म्हणतात. साधी मोटर नुसती फिरत राहते, ही सांगितल्या जागी जाऊन थांबते आणि तिथेच धरून राहते. तिच्या तीन वायरी एका छोट्या डबीत खोचायच्या आणि डबीवरची खुंटी फिरवायची.

बॅटरी जोडली. खुंटी जराशी फिरवली. मोटरचं पांढरं बोट तेवढंच वळलं आणि थांबलं. परत फिरवली, परत आलं. मी दार लावून घेतलं. कुणी बघू नये असं काहीतरी माझ्या हातून होतंय असं वाटलं. माझ्या बोटातला विचार टेबलापलीकडच्या दुसऱ्या बोटात जात होता.

मग किणकिणता आवाज आला, बोट थरथरलं आणि मोटरच्या पोटातून धुराची रेघ निघाली. बॅटरी ओढून काढली. खोलीत करपलेल्या प्लास्टिकचा वास भरला.

बापा दारापर्यंत आले. "काय जाळलंस?"

"काही नाही."

"मोठं काही नाही दिसतंय," म्हणाले आणि गेले.

१२ फेब्रुवारी

देनपासारला को लियोंगच्या दुकानात गेले. खेळण्यातली विमानं, पंखे, वायरी. त्यांनी जळकी मोटर हुंगली. शिक्षिका म्हणून मला ते बु गुरू म्हणतात.

"बु गुरू, मोटरवर काय लिहिलंय ते वाचा. तुम्ही वाचायला शिकवता ना?"

"सहा व्होल्ट."

"आणि ही बॅटरी पूर्ण भरली की आठच्या वर देते. भात खाणाऱ्याला निखारे वाढलेत तुम्ही."

बोटभर लांबीची एक पट्टी काढली. "हा रेग्युलेटर. मधला माणूस. आठ आत, सहा बाहेर. भांडण नाही." मग काचेचा छोटा फ्यूज. "हा लाल वायरवर बसवायचा. बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा."

"म्हणजे मोटर जळणार नाही?"

"मोटर जळू दे, दुसरी विकीन. हा वायरसाठी. वायरी कुठे एकमेकींना चिकटल्या तर ही बॅटरी आहे नाही ते सगळं एका दमात ओतते. वायर लाल होते. तुमची बाई कशाची आहे?"

"बांबू आणि कागद."

"आणि बाईच्या खाली?"

"आमची मुलं. खांद्यावर घेतात."

को लियोंगनी पुन्हा डबा उघडला. पिशवीत आणखी दोन फ्यूज टाकले. एक शिट्टीही दिली. बॅटरी फार उतरली की ती ओरडते. ओरडली की थांबायचं, तळापर्यंत पिळायची नाही. फुगली तर वापरायची नाही. टोचायची नाही. चार्जिंगला लावून झोपायचं नाही.

"आणि तिला न्यायचं कुठे?" मी विचारलं. "नंतर सगळंच जाळतात."

"जाळायच्या आधी काढा म्हणजे झालं. देवाशपथ काढा."

घरी येऊन बॅटरी तळहातावर ठेवली. गरम नाही, गार नाही. वास नाही, आवाज नाही. वर्गात एखादं मूल नुसतं बसून असतं आणि सगळं त्याच्या आत चाललेलं असतं, तशी. पुष्कळ वेळ खाली ठेववली नाही.

२० फेब्रुवारी

बापांनी पापण्या कोरल्या. मुखवटे करतात ते हलकं पुलेचं लाकूड. उन्हात धरलं तर कडेला उजेड झिरपतो इतक्या पातळ. आतून वाटीसारख्या पोकळ.

हल्ली ते कोरताना डोळे मिटून घेतात. म्हटलं, "हे काय नवीन?"

"लाकूड बोटाला कळतं."

या वयात कुणासाठी दिखावा करतात कळत नाही. इतर सवयीही बिघडल्यात. कॉफी ओतताना ग्लासात बोट धरून ठेवतात. घाण दिसतं म्हटलं, तर हसले.

१ मार्च

आठवडाभर पापणी नुसती थरथरत होती. खुंटीच्या जागी आता शाळेतल्यासारखा छोटा बोर्ड लावलाय, कारण पापणी सावकाश उघडायला हवी. पण बोर्ड एक सांगायचा आणि मोटर फेफरं आल्यासारखी भलतंच करायची. दोन्ही नवीन, दोन्ही शाबूत. को लियोंगना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, दोघांच्या काळ्या वायरी एकत्र जोडल्यात का? जोडल्या नव्हत्या. शून्य कुठे आहे हे दोघांचं एक नसेल तर एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही.

जोडल्या. थरथर थांबली.

मग पापणी उघडली. त्यात काय आहे, लाकडाची वाटी मोटरीने फिरते, एवढंच. पण ती उघडायला लागली तेव्हा मी टेबलापासून मागे सरकले. आपण कुणाच्या तरी खोलीत न विचारता आलोय आणि ते आता जागं होतंय, असं वाटलं. स्वतः जोडलेल्या वायरी समोर दिसत असताना वाटलं.

बापांना हाक मारली. ते आले, वाकले, चेहरा बाजूला वळवून उभे राहिले. पुन्हा उघडून दाखवली.

"डाव्या कोपऱ्यात घासतेय," म्हणाले. बोट नेमकं तिथे ठेवलं. खरंच घासत होती.

"पण उघडताना बघितलं का तुम्ही?"

"ऐकलं की."

एवढं करून ऐकलं म्हणतात. रात्री जेवायला बसले नाही, भूक नाही म्हणून सांगितलं.

४ मार्च

घासणारी पापणी मधेच अडकली. मोटर हाताला चटका बसेल इतकी तापली. चालताना ही मोटर फार थोडी वीज घेते. अडली की सगळ्यात जास्त ओढते. बापांनी कड तासून दिली. आता वाऱ्याने हलावी तशी हलते.

१५ मार्च

राक्षसीण उभी राहिली. बांजारच्या मंडपाच्या आढ्याला डोकं टेकतंय. गुडघ्यावर हात, मान जराशी खाली. बापांचा चेहरा बसवला तेव्हा मुलांची बडबड बंद झाली. खालून बघितलं तर ओठांच्या कोपऱ्यावरून वाटतं की ती झोपेत कुणाचं तरी ऐकून घेते आहे.

बॅटरी तिच्या अंगात ठेवायची नाही असं मी ठरवलं. खालच्या बांबूच्या चौकटीवर मातीचं मडकं बांधलं, त्यात वाळू, वाळूत बॅटरी. फ्यूज मडक्याच्या तोंडाशी. तिथून दोन वायरी छातीपर्यंत आणल्या, तिथल्या पट्टीवर दोन स्क्रूंना आवळल्या. पुढे रेग्युलेटर, बोर्ड, मोटरी. बटण एका लांब वायरीवर खाली सोडलं, चालताना माझ्या हातात राहील असं.

सुवेचा मडक्यात डोकावला. "म्बोक, हिचं जेवण खाली आणि तोंड वर. गिळणार कशी?"

"तुझ्या हॉटेलात स्वयंपाकघर कुठे असतं?"

"तळघरात."

"मग?"

बुबुळंही मलाच रंगवायला लावली. बापांनी आयुष्यात कुणाला बुबुळाला हात लावू दिलेला नाही. रंग कोणता म्हणून विचारलं तर म्हणाले, तूच ठरव. आधी वाटलं विश्वास टाकला. मग वाटलं, यंत्राचे डोळे म्हणून यातून अंगच काढून घेतलंय त्यांनी. दुसरं खरं असावं. बाहेर काळं, मध्ये मधाचा रंग दिला. ते बघायलाही आले नाहीत.

२५ मार्च

सगळा बांजार देवळातल्या मूर्ती घेऊन शुद्धीसाठी समुद्रावर गेला. बापा आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. सकाळी त्याच गुडघ्यांनी विहिरीपर्यंत दोनदा जाऊन आले. मी शेजारून चालणार होते, हे खरं कारण. लोकांत माझ्याबरोबर दिसणं त्यांना नको आहे.

वाळूवर बसून ठरवलं. डोळे उघडले तर इथे राहीन. नाही उघडले तर पावसाळ्याआधी सुराबायाला परत जाईन. मुलांची जबाबदारी मानेवर असताना असं स्वतःपुरतं काही ठरवणं बरं नाही. पण ठरवलं.

२८ मार्च, दुपार

मिरवणूक संध्याकाळी. तोवर लिहून काढते.

सकाळी तपासलं तेव्हा सगळं ठीक होतं. बॅटरी काढून ठेवली. मधे जेरो मंकूंनी, आमच्या पुजाऱ्यांनी, पूजा केली. राक्षसिणीवर तीर्थ शिंपडलं. पुजारी म्हणून त्यांना थोडं कमी शिंपडा असं कसं सांगणार? आतल्या सामानावर मी प्लास्टिक लावून ठेवलं होतं.

पूजेनंतर बॅटरी जोडली. मडक्याच्या तोंडाशी टक् झालं. फ्यूज गेला. दुसरा बसवला. टक्.

"माझ्या पाण्याला दोष देऊ नकोस हं, कर्ती," मंकू म्हणाले.

"नाही, जेरो मंकू."

पण मनात तेच आलं होतं. लाकूड फुगलं, पापण्या अडल्या. पापण्या हाताने हलवून बघितल्या. मोकळ्या होत्या. आता एकच फ्यूज उरला होता. दुकानं सगळी बंद. मंडपाबाहेर मुलं जमलेली, कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकटीचं कापड, हातात मशाली.

सुवेचाने सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद काढला. "हा गुंडाळ फ्यूजच्या जागी. आम्ही स्कूटरला करतो. म्बोक, एकदाच तर डोळे उघडायचेत. दोन मिनिटांचं काम."

कागद मी घेतला. दुमडलाही. सगळे माझ्याकडे बघत होते. समुद्रावर ठरवलेलं आठवलं आणि खरंच वाटलं, दोन मिनिटंच तर.

मग सुवेचाचा खांदा दिसला. गेले काही दिवस सराव करून बांबूचा वळ उठलाय त्याच्यावर. बरोबर त्याच खांद्याच्या वरून वायर जाते.

"नाही," म्हटलं. "फ्यूज उगीच जात नाही. तो काहीतरी सांगतोय."

"काय सांगतोय?"

"थांब."

शिडी लावली, पाठीवरची कागदाची झडप उघडली, छातीत हात घातला. प्लास्टिक बाजूला सारलेलं होतं. पट्टीवर बोटाला गार लागलं. ओढून काढलं. लाल-पांढऱ्या-काळ्या दोऱ्यात ओवलेली भोकाची जुनी नाणी. केपेंग. दोन्ही स्क्रूंवर आडवी पडली होती. तांबं. एकीकडून दुसरीकडे सरळ रस्ता.

नवीन मूर्तीच्या पोटात धातू ठेवतात तेव्हा ती मूर्ती होते, त्याआधी नुसतं लाकूड. पण जाळायच्या राक्षसाला हे कुणी करत नाही.

बापा खांबाला टेकून उभे होते.

"कुणी ठेवलं हे?"

"मी."

"मला सांगायचं तरी."

"सांगून ठेवत नाहीत ते."

"पण नेमकं तिथे? दोन स्क्रू उघडे, समोर दिसत असताना?"

मुलं आमच्याकडे बघत होती. मला ओरडायचं होतं. तुम्हाला हे होऊ द्यायचंच नव्हतं, असं ओरडायचं होतं. त्यांचे हात खाली लटकत होते, त्या हातांना आता काय करायचं ते माहीत नसल्यासारखे.

"मुलं जळली असती का?" त्यांनी हळूच विचारलं.

"फ्यूज होता."

"हं." मग म्हणाले, "तिला असंच नेऊ नको. ती डोळे उघडणार आहे. आत काही नसताना उघडू नयेत."

नाणी मी गळ्याजवळच्या बांबूला उंचावर बांधली. स्क्रूंवर रबरी पट्टी चिकटवली. हे मी आधीच करायला हवं होतं. पण तिथे कुणी हात घालेल असं मनातही आलं नव्हतं. शेवटचा फ्यूज बसवून बॅटरी जोडली. काहीच आवाज आला नाही. काही न होणं इतकं मोठं असतं हे मला माहीत नव्हतं.

पापण्या उघडून बघितल्या नाहीत. सुवेचा म्हणाला बघू या. म्हटलं, नको. चौकातच.

३० मार्च

काल न्यपी. दिवा नाही, काम नाही, रस्त्यावर पाऊल नाही. म्हणून दोन्ही दिवसांचं आज लिहिते.

अंधार पडताना आम्ही निघालो. झांजा आणि ढोल इतके जवळ की छातीत आपलं म्हणून काही उरलं नाही. मी बटण धरून चौकटीच्या शेजारून चालत होते. वर तिचं डोकं रस्त्यावरच्या विजेच्या तारांच्या उंचीवर डुलत होतं, तारा काठीने उचलाव्या लागत होत्या. मशालींचा उजेड खालून तिच्या गालांवर. मिटलेल्या डोळ्यांनी ती सगळ्या गावावरून चालली होती.

शेजारच्या बांजारच्या राक्षसाने आमच्यापुढे मान फिरवली. लोक ओरडले, शिट्ट्या आल्या.

चौकात मुलांनी तिला उलट्या दिशेने तीन फेरे दिले, पळत. तिसऱ्या फेरीनंतर झांजा थांबल्या, ठरल्याप्रमाणे. तिला समोर तोंड करून उभं केलं. खाली मुलं धापा टाकत होती, त्यामुळे ती श्वास घेतल्यासारखी वरखाली होत होती. हे आम्ही ठरवलं नव्हतं.

मी बटण दाबलं.

क्षणभर काही नाही. मग उघडले.

कुणी ओरडलं नाही. मी शिट्ट्यांची वाट बघत होते. एवढा मोठा चौक, आणि मशालींची फडफड ऐकू येत होती. पुढे उभ्या असलेल्या एका बाईने हात जोडले. तिच्या कडेवरचं मूल वर बघत होतं, रडत नव्हतं. मला वायरी, बोर्ड, मडकं, काही आठवलं नाही. मी केलं असंही वाटलं नाही. ती आमच्याकडे बघत होती आणि आम्ही सगळे बघितले गेलो होतो.

देवळाच्या पायऱ्यांवर बापा होते. जेरो मंकूंनी त्यांचा कोपर धरला होता. सगळ्यांची तोंडं वर होती. बापांचं खाली होतं, जरा बाजूला वळलेलं, त्या शांततेकडे.

स्मशानात आधी मडकं सोडवून लांब नेलं. मग शिडीवर चढून मोटरी काढल्या. सुवेचा म्हणाला, चेहरा ठेवून घेऊ या, पेकाक, असा परत होणार नाही. बापा म्हणाले, "परत व्हायला नकोच आहे. पेटवा." लाकूड पातळ होतं, लगेच पेटलं. पापण्या आधी गेल्या.

काल दिवसभर कुणी बोललं नाही. कोंबडे सुद्धा परक्या घरात आल्यासारखे दबकून होते. संध्याकाळ झाली तसा अंधार वाड्यात सरळ चालत आला, कुठे दिवा नाही, रस्त्यावर गाडी नाही, वर आकाश इतकं भरलेलं की बघवेना. पाणी घ्यायला मागच्या ओसरीवर निघाले आणि पायरी चुकली. गुडघा फुटला. भिंत कुठे, रांजण कुठे, काही कळेना. लहानपणापासूनचं घर.

"तिथेच थांब," बापांचा आवाज आला.

ते आले. भिंतीला हात न लावता, न चाचपता, माझ्यापाशी येऊन नेमके थांबले. माझा हात धरला. दोन पायऱ्या, म्हणाले. इथे फांदी आहे, वाक. मी वाकले. फांदी होती. रांजणाचं झाकण काढून त्यांनी ग्लास भरला, काठावर बोट धरून, आणि माझ्या हातात दिला. दुपारच्या उन्हात चालावं तसे चालत होते.

मी ग्लास धरून उभी राहिले. पाणी प्यायले नाही.

ते ओसरीच्या कडेवर बसले, मी शेजारी. अगदी हळू आवाजात म्हणाले, "डोळे कसे उघडले, सांग."

"तुम्ही समोरच होतात, बापा."

"होतो."

त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. माझा त्यांना दिसत नव्हता. केव्हापासून दिसत नाही, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझं सगळं वर्ष परत मोजावं लागलं असतं, आणि रडू आलं असतं, आणि त्या दिवशी आवाज करायचा नसतो.

"आधी खालच्या कडेला एक रेघ आली," मी म्हटलं. "केसाएवढी."

"दोन्हीकडे एकदम?"

"डावीकडे जरा आधी."

"मग?"

"मग रेघेत मशालीचा उजेड शिरला. मागून मधाचा रंग."

"मध दिलास होय." ते हसल्यासारखे झाले. "सावकाश सांग. काही सोडू नकोस."